पहारेकऱ्याची पत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अहेरीच्या बाजारपेठेत आजही दुकानादुकानांतून वहीपूजन होते. पाटावर लाल बांधणीची नवी वही ठेवली जाते, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते, शुभ-लाभ लिहिले जाते आणि घरातील ज्येष्ठ व्यक्ती मुहूर्ताची पहिली नोंद करते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्या पाटाशेजारी आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यालाही कुंकवाचे बोट लागते, त्याच्यापुढेही फूल वाहिले जाते. वही बहुतेक ठिकाणी पूजेपुरती उरली असून वर्षभराचा खरा हिशेब त्या यंत्रात असतो.

अहेरी हे प्राणहितेच्या खोऱ्यातील गाव. एटापल्ली, भामरागड, मुलचेरा या भागांतील माणसे खरेदीला इथे येतात. इथला व्यापार हंगामावर चालतो. तेंदूपत्त्याची मजुरी हाती आली, मोह विकला गेला, धान घरात आले की उधारी फिटते; तोवर मीठ-तेलापासून कापड-पत्र्यापर्यंतचा माल विश्वासावर दिला जातो. मराठी, गोंडी आणि तेलुगू अशा तीन भाषांतून बोलली गेलेली ही उधारी अखेर एका आकड्याच्या रूपाने खात्यावर चढते. ते खातेच नाहीसे झाले, तर घेणेकरी बुडवतील असे नव्हे. पण कोणाकडे किती, हे सांगण्याचा आधार दुकानदाराजवळ उरत नाही. त्यात आता जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिले, बँकेची खाती आणि ग्राहकांचे मोबाईल क्रमांक यांची भर पडली आहे. पेढीचे भांडवल गल्ल्यात किती आणि या यंत्रात किती, असा प्रश्न केला तर उत्तर यंत्राच्या बाजूनेच द्यावे लागेल.

दुकानाचे कुलूप मालक स्वतः निवडतो, दोनदा ओढून पाहतो, किल्ली कमरेला लावतो. संगणकाचे कुलूप मात्र कोणी तरी दूरच्या शहरात बनवलेले असते. ते उघडून पाहता येत नाही, बनवणाऱ्याचा चेहरा माहीत नसतो, आणि ते निकामी झाले आहे हे बहुधा चोरी होऊन गेल्यावरच कळते. अशा न दिसणाऱ्या मालाच्या विक्रेत्याने ग्राहकाचा विश्वास कसा मिळवायचा? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका कंपनीची तीस वर्षे गेली आहेत, आणि तिची सुरुवात संगणकापासून झालेली नाही. ती कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या टेबलावर झाली.

कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील. शालेय शिक्षणानंतर ते कॉलेजकडे वळले नाहीत. १९८५ च्या सुमारास पुण्यातील रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या एका दुकानात त्यांनी महिना चारशे रुपयांवर नोकरी धरली. तो काळ बँकांच्या दृष्टीनेही संक्रमणाचा होता. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला होता, शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली होती, आणि यंत्रे आली की माणसे जातील या भीतीने कर्मचारी संघटना विरोधात उभ्या होत्या. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या निमित्ताने काटकरांना बँकांत जावे लागे. अशाच एका बँकेत त्यांना संगणक प्रथम दिसला. विरोध करणाऱ्यांना त्या पडद्यात आपली नोकरी जाताना दिसत होती. या दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला त्यात उद्या बिघडणारे, म्हणून उद्या दुरुस्त करावे लागणारे, एक नवे यंत्र दिसले. व्यापारी नजर म्हणतात ती हीच असावी.

१९९० मध्ये त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे छोटे दुकान टाकले. १९९३ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने संगणक देखभालीचा व्यवसाय सुरू केला. धाकटे बंधू संजय हे मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. थोरल्याने ग्राहक सांभाळायचे आणि धाकट्याने यंत्राच्या पोटात काय चालते ते समजून घ्यायचे, अशी ही वाटणी. व्यापारी घराण्यांना ती सांगावी लागणार नाही.

दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत एक गोष्ट वारंवार दिसू लागली. यंत्राचे भाग धडधाकट असत, बिघाड आतल्या मजकुरात असे. कोणी तरी खोडसाळपणे लिहिलेला छोटा प्रोग्राम फ्लॉपीवरून शिरे, स्वतःच्या प्रती काढी आणि साठवलेली माहिती खाऊन टाकी. ‘मायकेलअँजेलो’ नावाच्या व्हायरसची तर तारीख ठरलेली होती. दर वर्षी ६ मार्चला तो जागा होई आणि संगणकातील साठा पुसू लागे. मार्चअखेरच्या हिशेबांत बुडालेल्या कार्यालयाला त्या तारखेचा अर्थ काय होता, याची कल्पना करता येते. अशी यंत्रे एकेक करून हाताने साफ करण्यात तासन्‌तास जात. थोरल्या भावाच्या सांगण्यावरून संजय यांनी हे काम आपोआप करणारे लहानसे साधन लिहिले. एका व्हायरससाठी एक, दुसऱ्यासाठी दुसरे, असे करता करता ती साधने एकत्र बांधली गेली. १९९५ मध्ये ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस बाजारात आले.

या जन्मकथेतला एक तपशील पुढच्या साऱ्या वाटचालीला उपयोगी पडला. हा माल प्रयोगशाळेत तयार होऊन ग्राहकाकडे गेलेला नव्हता. तो ग्राहकाच्या बिघडलेल्या यंत्रासमोर बसून तयार झाला होता. ‘आमचा संगणक बरा करून द्या’ ही ग्राहकाची मागणी होती आणि मालाचे नावही तेच सांगत होते. विक्रीनंतर काय होते, याला ज्या धंद्यात महत्त्व, त्या दुरुस्तीच्या धंद्यातून ही कंपनी आली.

तरीही सुरुवातीची वर्षे कठीण गेली. परदेशी नावे बाजारात प्रस्थापित होती. पुण्यातल्या पेठेतील अनोळखी कंपनीच्या हाती आपला हिशेब कोण सोपवणार? विक्रेतेही बिचकत. १९९९ च्या सुमारास हा उद्योग बंद करावा की काय, असा विचार करण्याची वेळ आली होती. त्यातून कंपनी तगली ती विक्रीची आणि सेवेची रचना बदलल्यामुळे. पुण्याबाहेर नाशिकला शाखा निघाली, मग गावोगावच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्यांनाच विक्रेते म्हणून जोडून घेण्यावर भर दिला गेला. खोक्यावरच्या इंग्रजी मजकुरापेक्षा ‘आपला दुरुस्तीवाला’ काय म्हणतो याला तालुक्याच्या गावी जास्त किंमत असते, हे स्वतः दुरुस्तीवाला असलेल्या माणसाला ठाऊक होते. अहेरी-आलापल्लीसारख्या ठिकाणी व्यापाऱ्याचा कंपनीशी थेट संबंध कधीच येत नाही. त्याचा विश्वास जिल्ह्याच्या गावाहून मोटारसायकलवर येणाऱ्या, यंत्र उघडून धूळ झटकणाऱ्या, चहा घेऊन जाणाऱ्या तरुणावर असतो. कंपनीची पत त्या तरुणाच्या पतीवर उभी राहते, आणि त्याने एकदा थाप मारली की ती तिथेच कोसळते.

अँटिव्हायरस नेमके काय करते, हे समजून घेतले तर पुढचा प्रश्न नीट कळेल. त्याचा मूळ प्रकार पोलीस ठाण्यात लावलेल्या चोरांच्या छायाचित्रांसारखा आहे. माहीत असलेल्या प्रत्येक व्हायरसची खूण यादीत असते आणि आत येणारी प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून पाहिली जाते. नवा चोर आला की यादी वाढवावी लागते, म्हणून ‘अपडेट’. यादी शिळी झालेले अँटिव्हायरस म्हणजे गेल्या सालच्या चोरांना ओळखणारा पहारेकरी. चोर रोज वेष पालटू लागले तेव्हा ही पद्धत अपुरी पडली आणि चेहऱ्याऐवजी वर्तनावर नजर ठेवणे सुरू झाले. एखादा प्रोग्राम एकामागून एक शेकडो फाईली उघडून त्यांचे रूप बदलू लागला, तर तो ओळखीचा असो वा नसो, त्याला थांबवायचे. यात उलट धोकाही असतो. अतिउत्साही पहारेकरी कधी मालकाच्या मुनिमालाच दारात अडवतो. हिशेबाचा निर्दोष प्रोग्राम धोकादायक ठरवून कुलूपबंद करतो. असे दोन-तीनदा झाले की वैतागलेला दुकानदार पहाराच बंद करून टाकतो. चोर सोडायचा नाही आणि मुनीम अडवायचा नाही, या दोन्ही बाजू वर्षानुवर्षे सांभाळणे हेच या धंद्यातील खरे कौशल्य.

ते जमते की नाही, हे ठरवण्यासाठी बाहेरचे परीक्षक आहेत. ‘व्हायरस बुलेटिन’ हे ब्रिटनमधील नियतकालिक, जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’, ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्हज’ या संस्था निरनिराळ्या कंपन्यांची साधने तपासून निकाल प्रसिद्ध करतात. किती चोर पकडले याबरोबर किती निरपराध अडवले याचीही मोजणी होते, आणि अनुत्तीर्णांची नावेही छापली जातात. पुण्याची कंपनी या परीक्षांना बसत आली आहे आणि त्यांची प्रमाणपत्रे तिने मिळवली आहेत. बँकेला वैधानिक लेखापरीक्षण जसे टाळता येत नाही, तशी सक्ती इथे नाही. आपण होऊन बाहेरच्या माणसाला वह्या दाखवायच्या, हा पतीचा मार्ग तिने पत्करला एवढे खरे.

आता एक अडचणीची बाब. ज्या घराला पहारा द्यायचा, त्या घराच्या भिंतीच कच्च्या असतील तर? जगातील बहुतेक संगणक मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’वर चालतात, आणि शतकाच्या आरंभी त्या भिंतींना भगदाडे पडलेली होती. २००१ मध्ये ‘कोड रेड’ आणि ‘निम्डा’ या व्हायरससारख्याच आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामांनी जगभर धुमाकूळ घातला. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी आपल्या साऱ्या कर्मचाऱ्यांना एक पत्र धाडले. मालात नव्या सोयी भरणे आणि माल सुरक्षित करणे यांपैकी एकच निवडायची वेळ आली, तर सुरक्षितता निवडा, असा त्याचा आशय होता. पत्रे सगळेच मालक लिहितात. त्यामागे पैसा घातला जातो का, ते पाहावे. इथे तो घातला गेला. त्यानंतरच्या आठवड्यांत विंडोजवर काम करणाऱ्या सुमारे साडेआठ हजार अभियंत्यांचे नवे काम थांबवून त्यांना आधी लिहिलेल्या मजकुरातील दोष शोधायला बसवण्यात आले. कारखान्याची उत्पादनाची पाळी बंद ठेवून सगळे कामगार जुना माल तपासायला लावण्यासारखेच हे होते.

फळ लगेच मिळाले नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००३ मध्ये, ‘ब्लास्टर’ने लाखो संगणक पाडले. त्या ऑक्टोबरपासून कंपनीने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा शिरस्ता घातला, तो आजतागायत चालू आहे. आपल्या मालातील दोषांची यादी दरमहा स्वतःहून जगापुढे ठेवणारा व्यापारी विरळा. सुरुवातीला ती नामुष्की वाटली, पुढे तीच प्रथा झाली. ऑगस्ट २००४ मध्ये ‘एक्सपी’ची मोठी सुधारित आवृत्ती आली आणि संगणकाची तटबंदी मूळचीच चालू राहू लागली. अहेरीसारख्या गावांना सर्वांत जवळची ठरलेली सुधारणा मात्र आणखी उशिरा आली. जिथे इंटरनेट तुटपुंजे, तिथे रोग पेन ड्राइव्हवरून फिरतो. दुकानातून सीएच्या कार्यालयात, तिथून झेरॉक्सच्या दुकानात, तिथून पोराच्या गाण्यांसाठी घरी, असा त्याचा प्रवास. पेन ड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची जी सोय होती, तिचाच फायदा ‘कॉन्फिकर’सारख्यांनी घेतला. ती सोय ‘विंडोज ७’मध्ये काढण्यात आली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांसाठीही ती बंद करणारे अपडेट देण्यात आले. सोय गेली म्हणून तेव्हा कुरकुर करणारे बरेच होते.

भिंती पक्क्या होऊ लागल्या, ही ग्राहकाच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट. पहारेकऱ्याच्या दृष्टीने ती पोटावर पाय आणणारी होती. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे अँटिव्हायरस फुकट दिले, आणि २०१२ च्या ‘विंडोज ८’पासून ते संगणकाबरोबरच येऊ लागले. ज्या मालाचे पैसे घ्यायचे तोच माल घर बांधणारा विनामूल्य देऊ लागला, तर दुकान कशावर चालवायचे? २००७ मध्ये नाव बदलून ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झालेल्या कंपनीत २०१० साली ‘सिकोया कॅपिटल’ने ६० कोटी रुपये गुंतवले होते. आता वाढ दाखवणे भाग होते. कंपनीने ‘सेक्राइट’ या नावाने कारखाने, कार्यालये आणि संस्था यांच्यासाठी वेगळी शाखा उभारली. एका संगणकाऐवजी शंभर संगणकांचे जाळे सांभाळायचे, कोण कोणती फाईल बाहेर नेतो यावर लक्ष ठेवायचे, असे हे काम. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपये दराने समभाग विक्रीला काढून ती शेअर बाजारात आली. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या दराखाली बंद झाला. बाजाराची शंका उघड होती: फुकटच्या काळात विकतच्या पहाऱ्याला भविष्य काय? ती शंका अजूनही पुरती फिटलेली नाही, आणि गुंतवणूक म्हणून या समभागाकडे पाहणाऱ्याने ती ध्यानात ठेवलेली बरी. २०२३ मध्ये काटकर बंधूंनी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून घराबाहेरचा व्यावसायिक आणला, याकडेही याच संदर्भात पाहावे.

फुकटाची दुसरी बाजू मात्र लवकरच दिसली. ‘अवास्ट’ या युरोपीय कंपनीचे विनामूल्य अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी लोक वापरत. ते वापरणारी माणसे इंटरनेटवर कुठे कुठे जातात याची नोंद करून ती माहिती कंपनीच्याच ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकली जात होती. जानेवारी २०२० मध्ये वृत्तपत्रीय शोधानंतर उपकंपनी बंद करावी लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. चोरापासून रक्षण करण्यासाठी ज्याच्या हाती साऱ्या घराच्या किल्ल्या दिल्या, त्यानेच कोणत्या खोलीत काय आहे याची यादी विकावी! पहारा फुकट असेल तर पगार कोण देतो, ही चौकशी करायची कला व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. तरीही मोबाईलवर फुकट ॲप घेताना ती विसरली जाते.

किल्ल्या हाती असलेला पहारेकरी प्रामाणिक असूनही घर बंद पाडू शकतो, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. ‘क्राउडस्ट्राइक’ या नामांकित अमेरिकी सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट धाडले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. अपडेट जितके खोलवर जाते तितकी ते आधी तपासण्याची जबाबदारी वाढते. तो एक टप्पा त्या दिवशी चुकला होता. आणि मायक्रोसॉफ्टने वीस वर्षे खपून कमावलेली पत? २०२३ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांची ई-मेल खाती चिनी घुसखोरांनी वाचल्याचे उघड झाले. एप्रिल २०२४ मधील सरकारी चौकशी अहवालाने ही घुसखोरी टळू शकत होती, असे सांगत कंपनीतील सुरक्षेच्या संस्कृतीवर कडक ताशेरे ओढले. कंपनीच्या प्रमुखांना मे २०२४ मध्ये पुन्हा साऱ्या कर्मचाऱ्यांना कळवावे लागले की निवड करायची वेळ आली तर सुरक्षितता निवडा. २००२ चेच पत्र बावीस वर्षांनी पुन्हा लिहावे लागले.

एवढे सारे कंपन्यांचे. ग्राहकाचा हिशेब मांडला तर तिथेही बाकी निघते, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

१२ मे २०१७ च्या शुक्रवारी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम दीडशेच्या आसपास देशांत पसरला. तो फाईली पुसत नसे. त्यांना आपले कुलूप घालून किल्लीसाठी पैसे मागे. ब्रिटनमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. क्विक हीलने भारतात या हल्ल्याचे ४८ हजारांहून अधिक प्रयत्न आढळल्याचे जाहीर केले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला, म्हणजे सुमारे दोन महिने आधीच, दिलेले होते. ज्यांनी ते घेतले होते त्यांना त्या वाटेने धोका नव्हता. ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबले होते, ते सापडले.

हे बटण छोट्या गावांत जरा जास्तच दाबले जाते. कारण आळस असेलच असे नाही. अहेरी परिसरात पावसाळ्यात नाले-नद्या फुगल्या, वीज गेली की मोबाईलची रेंजही जाते. महिन्याचा डेटा मोजून वापरावा लागतो. अपडेट सुरू होऊन मध्येच वीज गेली तर यंत्र उठेल की नाही याची धास्ती असते. या अडचणी खऱ्या आहेत. इंटरनेट नसलेल्या संगणकासाठी अपडेटची फाईल दुसरीकडे उतरवून पेन ड्राइव्हने आणण्याची सोय क्विक हीलने ठेवली आहे ती अशाच ठिकाणांसाठी. ज्या पेन ड्राइव्हने रोग येई, त्यानेच औषध आणता येते. मात्र तो आधी तपासून घ्यावा.

दुसरे कारण खासगीत बोलले जाते. यंत्र जोडून देणाऱ्याने विंडोज आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर यांची नकली प्रत चढवून दिलेली असते, आणि अपडेट घेतले तर चोरी उघडी पडेल म्हणून अपडेटच बंद करून ठेवलेले असते. काही हजार रुपये वाचवण्यासाठी लाखोंची उधारी उघड्या दारात मांडून ठेवण्याचा हा प्रकार आहे. नकली प्रत चालावी म्हणून जे छोटे प्रोग्राम सोबत चढवले जातात, त्यांत अनेकदा चोरालाच आत घेतलेले असते, कारण ती प्रत फुकट वाटणाऱ्यालाही त्याचा मोबदला कुठून तरी काढायचा असतो. वजनमापात कवडीचीही खोट सहन न करणाऱ्या पेढ्यांच्या टेबलावर असा माल चालावा, हे विचित्र आहे. विश्वास ठेवण्याजोगे सॉफ्टवेअर हवे असेल, तर ते करणाऱ्याला त्याचे दाम पोहोचले पाहिजेत. पगार न मिळणारा पहारेकरी रात्री जागत नाही.

बॅकअपच्या बाबतीतही एक गैरसमज आढळतो. हिशेबाची दुसरी प्रत संगणकालाच कायम जोडलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवली जाते. खंडणीखोर प्रोग्राम जोडलेल्या प्रत्येक वस्तूला कुलूप घालतो, त्यामुळे ती प्रतही जाते. प्रत काढावी, सोडवून ठेवावी आणि आठवड्याला एक तरी प्रत दुकानाबाहेर, घरच्या कपाटात असावी. तिजोरीच्या दोन किल्ल्या कधी एका जुडग्यात ठेवत नाहीत, तसेच हे.

अलीकडे चोराने आपला मोहराच बदलला आहे. यंत्राचे कुलूप मजबूत झाले तसा तो माणसाकडे वळला. केवायसी अद्ययावत करायचे आहे, पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, असे फोन येतात आणि घाबरलेला माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. यात कोणताही व्हायरस नसतो. २०२४ मध्ये क्विक हीलने ‘अँटिफ्रॉड’ नावाचे फसवणूक रोखण्याचे साधन आणले ते याच बदलाला ओळखून. कंपनीच्या प्रतिष्ठानामार्फत विद्यार्थ्यांना शिकवून, त्यांच्याकरवी शाळाशाळांत सायबर सुरक्षेचे धडे देण्याचा उपक्रमही चालतो. घरातील शाळकरी नातू आजोबांना ‘हा फोन ठेवा’ असे म्हणू शकला, तर त्याचा उपयोग पेटीतल्या सॉफ्टवेअरइतकाच होईल. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात कळवणे आणि बँकेला लेखी सूचना देणे, या दोन गोष्टींवर रक्कम अडवली जाण्याची शक्यता पुष्कळ अवलंबून असते. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचे पैसे तोवर अनेक खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात. व्यापारी घरांत ही लाज अधिक असते. फसलो हे चारचौघांत कळले तर पत जाईल, असे वाटते.

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास अहेरीतील, तशाच राज्यातील हजारो दुकानांतील, संगणकांसाठी आणखी एक तारीख येऊन गेली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, ‘विंडोज १०’ला मिळणारी नियमित मोफत अपडेट बंद झाली. यंत्र बंद पडलेले नाही, म्हणून फरक जाणवत नाही. बिले निघतात, हिशेब लागतो, पूजेत फूलही वाहिले गेले. परंतु त्या तारखेनंतर सापडणारी भगदाडे त्या यंत्रांत तशीच राहणार आहेत, आणि अपडेट न घेणाऱ्यांनी २०१७ मध्ये काय भोगले, ते वर आलेच आहे. अँटिव्हायरस चालू असले तरी पहारेकऱ्याला भिंत बांधता येत नाही. जुन्या यंत्रांपैकी अनेकांवर ‘विंडोज ११’ बसत नाही, कारण तिला लागणारी सुरक्षेची चिप त्यांत नसते. तिथे नवे यंत्र घेणे किंवा हिशेबाचे यंत्र इंटरनेटपासून वेगळे ठेवणे, हेच मार्ग उरतात. घरगुती आवृत्ती वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देऊ केली आहे. ती आपोआप मिळत नाही. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर जाऊन त्यासाठी नाव नोंदवावे लागते, आणि ज्या संगणकावर अपडेट बंद करून ठेवलेले आहेत, तिथे आधी ते सुरू करावे लागतात.